सोमवारची धिरडी

वैनींचा फोन आला तेव्हा मी नातवाचा डबा भरत होते. इचलकरंजीत आमच्या घराच्या मागच्या अंगाला यंत्रमागांची शेड आहे. सकाळची पाळी सुरू झाली की फोनवर बोलायला पुढच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. तशी उभी राहिले, तरी आवाज वैनींचाच आहे हे कळायला वेळ लागला. "वन्सं, हे रंकाळ्यावर पडलेत म्हणं. फिरायला आलेल्या माणसांनी उचलून दवाखान्यात नेलंय. मी निघालोय." मी विचारलं, पडला म्हणजे काय, पाय घसरला का? वैनींना ते ऐकूच गेलं नसावं. त्या म्हणाल्या, "धिरडी झाकून ठेवलीत हो त्यांची... फिरून आल्यावर खातो म्हणलेते." आणि फोन ठेवला.

मी कोल्हापुरात पोचले तोवर माझा थोरला भाऊ, दिनकरअण्णा, गेलेला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. इन्शुलिन टोचून घेतलेलं, पोटात काही नाही, त्यात भरभर चालणं. साखर तळाला गेली, चक्कर आली, आणि पडताना डोकं तलावाच्या दगडी काठावर आपटलं. एवढंच. तरुणपणी तालमीच्या लाल मातीत शेकडो वेळा पडून उठलेला माणूस रंकाळ्याच्या फरसबंदीवर पडला तो उठला नाही.

आता काही आठवडे उलटलेत. घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरलीय, पण या काळात मी एक वाक्य इतक्यांदा ऐकलं की कान किटले. कुणी पाण्याचा पेला हातात घेऊन, कुणी चप्पल घालता घालता, हळूच विचारायचं, "आदल्या दिवशी जावळाचं जेवण होतं न्हवं? मटण, जिलेबी... जरा जास्तच झालं असंल." आणि बोलताना नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथं वैनी बसलेल्या असायच्या. मला त्या माणसांना हाताला धरून बाहेर काढावंसं वाटायचं. शेजारच्या एका बाईंना तर मी तोंडावर सांगितलं की बाई, माझा भाऊ जेवून मेला नाही, उपाशी मेला. त्यांना ते पटलं नाही. वैनींनाही पटलेलं नाही, आणि माझी खरी काळजी ती आहे. म्हणून हे लिहायला बसले.

अण्णा माझ्यापेक्षा बराच मोठा. माझं माहेर कोल्हापुरातल्या पेठेतलं, आणि पेठेतल्या बाकीच्या पोरांसारखा तोही मिसरूड फुटायच्या आधीच तालमीत जायला लागला. घरात तेव्हा सगळं त्याच्या खुराकाभोवती फिरायचं. वडील पहाटे म्हशी उभ्या असतात त्या दूधकट्ट्यावरून दूध समोर पिळून आणायचे, आई बदाम वाटायची, मी त्या पाट्याला चिकटलेलं बोटानं निपटून खायची. अण्णा जेवायला बसला की आई भाकरी थापायची थांबायचीच नाही. खाणं हे त्याचं काम होतं आणि ते तो मनापासून करायचा.

एकदा कुठल्याशा यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानाच्या आधी तो मित्रांबरोबर भटकला, गाड्यावरची भजी चापली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत उठलाच नाही. वस्ताद घरी आले. ओरडले नाहीत, की शिवी दिली नाही. त्याला घेऊन गेले आणि दिवसभर बैठका मारायला लावल्या, पाण्याशिवाय काही दिलं नाही. संध्याकाळी दोघांनी धरून त्याला घरी आणलं तेव्हा त्याला उंबरा ओलांडता येत नव्हता. आई तेल चोळत पुटपुटत होती, "पोरानं भजी खाल्ली, दरोडा न्हाय घातला." पण अण्णाच्या तोंडावर मी काय बघितलं सांगू? समाधान. तो म्हणाला, "आई, चुकलं की भरून काढायचं असतंय. आता मी मोकळा झालो." वस्तादांनी त्याला डाव किती शिकवले मला माहीत नाही, पण हे एक वाक्य त्याच्या हाडात मुरलं ते कायमचं.

कुस्तीत तो फार वर गेला नाही. गुडघा दुखावला, मग शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून लागला आणि तिथंच निवृत्त झाला. त्याची शिट्टी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू यायची. उशिरा आलेल्या पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचा आणि स्वतः त्यांच्याबरोबर पळायचा, त्यामुळे पोरं त्याच्यावर चिडायची नाहीत. एकदा त्याची लुना बंद पडली आणि तो स्वतः प्रार्थना संपल्यावर पोचला. सगळी शाळा वर्गात निघालेली असताना हा माणूस बूट बांधून एकटा मैदानाला फेऱ्या मारायला लागला. मुख्याध्यापक हसले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन वैनींनी मला हे कौतुकानं सांगितलं होतं आणि मीही हसले होते. दुसऱ्यांच्या चुका तो विसरून जायचा. स्वतःची एकही नाही.

निवृत्तीनंतर शुगर निघाली. बातमी कळल्यावर मी धावत गेले, तर हा पठ्ठ्या खुर्चीत ताठ बसलेला, जणू मैदान ठरलंय आणि समोरचा पैलवान कोण ते कळलंय. "शाले, आता बघ तू. ह्या शुगरला चितपट करतो का न्हाय." आणि त्यानं खरंच तसं केलं. साखरेचा चहा बंद, भात बंद म्हणजे जवळजवळ बंदच. वैनींनी मांडणीवरची एक छोटी स्टीलची वाटी काढली आणि तीच त्याचं माप ठरली. भात त्या वाटीनं, उसळ त्या वाटीनं, रविवारी रस्साही त्याच वाटीनं. सकाळी मुगाची दोन धिरडी, दुपारी नाचणीची भाकरी आणि दुधी नाहीतर दोडका. कोल्हापुरात रविवारी आख्ख्या गल्लीला वाटणाचा वास सुटलेला असतो आणि आमचा अण्णा वाटीभर रश्शावर दुधी खातोय, हे मला बघवायचं नाही. लग्नाकार्यात तो स्वतःचा डबा घेऊन जायचा. पंगतीत बसून डबा उघडायचा आणि शेजारच्याला जिलेबीचा आग्रह करायचा. नातेवाईक त्याचं उदाहरण द्यायचे. माझ्या नवऱ्याला तर मी स्वतः कितीदा सुनावलंय की जरा अण्णाकडं बघून शिका.

पण माणूस आहे, कधीतरी सुटणारच. माझ्या मुलीच्या लग्नात त्यानं डबा उघडलाच नाही. भाचीच्या लग्नात मामानं नुसतं बसून कसं चालेल, म्हणून श्रीखंड-पुरी खाल्ली, दोनदा मागून घेतली. मला इतका आनंद झाला! दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले तर कळलं की हा पहाटे उठून, गोळी घेऊन, काहीही न खाता चालत जोतिबाच्या वाटेला लागलाय. अर्ध्या वाटेवरून रिक्षानं परत आला तेव्हा हात थरथरत होते, घामानं शर्ट भिजलेला. वैनींनी गूळपाणी दिलं तशी तरतरी आली. आणि पडल्या पडल्या हा मला काय म्हणतो, "बघितलंस? काल खाल्लेलं अंगावर आलं." मी म्हटलं, अरे बाबा, काल खाल्लेलं नाही, आज न खाल्लेलं अंगावर आलंय. पण ते त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. त्याच्या हिशेबात गुन्हा श्रीखंडाचा होता आणि थरथर ही शिक्षा होती. जवळ उभ्या असलेल्या वैनींनीही तेच मनात धरलं, हे मला आता कळतंय.

त्यानंतर आमची यावरून बरीच भांडणं झाली. मी भांडखोर आहेच, आईवर गेलेय. दिवाळीत एक करंजी खाल्ली की दोन वेळचं जेवण बंद, कुणाच्या बारशात पेढा तोंडात टाकला की रात्री नुसतं ताक. मी विचारायची, "अण्णा, पथ्य म्हणजे काय देवाचा नवस आहे का रे, मोडला की कोप व्हायला? एक दिवस खा, दुसऱ्या दिवशी गुमान आपली धिरडी खा. झालं. विषय संपला." तो हसायचा. "तुला न्हाय कळायचं. सवय एकदा सैल पडली की माणूस घसरतंय." मला वाटतं, त्याला खाण्याची भीती नव्हतीच. त्याला स्वतःची भीती वाटायची, त्या भजी खाणाऱ्या पोराची.

यंदा गोळ्यांनी भागेना म्हणून इन्शुलिन सुरू झालं. डॉक्टरीण त्याच्याच शाळेतली, खोखो खेळलेली मुलगी, अजून त्याला सर म्हणते. त्या दिवशी मी बरोबर होते. तिनं सुई कशी टोचायची ते दाखवलं आणि मग पेन खाली ठेवून म्हणाली, "सर, एक गोष्ट नीट ऐका. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या दिवशी मनासारखं जेवलात तर मी रागावणार नाही. आनंदानं जेवा. पण दुसऱ्या दिवशी उपास करायचा नाही. नेहमीचं खायचं, नेहमीचं चालायचं. सुई घेतली आणि पोट रिकामं ठेवलं, तर ते गोड खाण्यापेक्षा वाईट." अण्णा "व्हय व्हय" म्हणाला. तिनं विचारलं, "नक्की ना सर?" तर म्हणाला, "अगं शब्द दिला की." जिना उतरताना मी त्याला पुन्हा तेच बजावलं, तेव्हा तो माझ्यावरच खेकसला, "मी काय भैरा हाय व्हय?"

जावळ त्याच्या नातवाचं, म्हणजे माझ्या भाचीच्या मुलाचं. रविवारी गच्चीवर मांडव घातला होता. खाली चुलवाणावर पातेली चढली होती आणि वैनी सकाळपासून वाटणात हात घालून बसल्या होत्या, कारण पांढरा रस्सा त्या दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. पंगत बसली तशी त्यांनी सवयीनं ती छोटी वाटी अण्णाच्या ताटात ठेवली. अण्णानं ती उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "आज वाटी न्हाई. आज पळीनं वाढ." वैनी त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग अशा लाजल्या, की या वयात मी त्यांना तसं लाजताना पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी पळीनं वाढलं. तांबडा, पांढरा, सुक्कं, वर भात. शेवटी दोन जिलेब्या. अण्णा जेवताना मोठमोठ्यानं बोलत होता, समोरच्याला आग्रह करत होता, नातवाच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत होता. तालमीच्या दिवसांतला माझा भाऊ मला त्या पंगतीत कितीतरी वर्षांनी दिसला. वैनींना तर जेवायचीसुद्धा शुद्ध नव्हती, नुसत्या पळी हातात घेऊन त्याच्याकडे बघत उभ्या होत्या.

हात धुऊन आला आणि चेहरा उतरला. मी निघताना तो जिन्याच्या पायरीवर बसला होता. मला म्हणाला, "शाले, आज जरा हाताबाहेर गेलं बघ." मी आईचंच वाक्य वापरलं. म्हटलं, जेवलास अण्णा, दरोडा नाही घातलास. तो जरा हसला. "उद्या भरून काढतो." मी दारातून मागं फिरले, त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, डॉक्टरीण काय म्हणालीय? सकाळी खाल्ल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. "न्हाय पडत. जा तू, गाडी चुकंल." ही आमची शेवटची भेट.

सोमवारी सकाळी वैनींनी धिरडी केली. घरात पाहुण्यांची भांडी, बाळाची अंघोळ, सगळा राडा. अण्णानं इन्शुलिन घेतलं, कारण औषध चुकवायचं नाही ही शिस्त. खाल्लं नाही, कारण काल जास्त झालं होतं, ही दुसरी शिस्त. "झाकून ठेव, फिरून येऊन खातो," म्हणाला आणि बूट घालून गेला. रंकाळ्यावर रोज भेटणारे एक गृहस्थ नंतर सांगत होते, सर त्या दिवशी नेहमीची फेरी संपवून पुन्हा वळले. यांनी हटकलं, तर म्हणाले, "काल जावळ झालं, आज जरा वसुली हाय." हसत म्हणाले. ती वसुली पुरी झाली.

रक्षाविसर्जनाला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात. चहा पिणाऱ्याला चहा, पान खाणाऱ्याला पान. भावकीतल्या बायकांनी आदल्या दिवशीच विषय काढला, की दिनकरला मटण ठेवा, जिलेबी ठेवा, जीव अडकलेला असंल त्याचा. वैनी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्यानंच माझा माणूस गेला. ते मी न्हाय ठेवणार." आणि पंचगंगेच्या काठी त्यांनी पानावर काय मांडलं? नाचणीची भाकरी आणि दुधीची भाजी. बायका कुजबुजल्या की आता कावळा कसला शिवतोय. मी मनात म्हणत होते, नको शिवू दे. बस अडून. माग काय हवं ते, आता तरी माग. पण आम्ही पुरते मागंही सरलो नव्हतो तोच कावळा आला आणि भाकरीचा तुकडा घेऊन गेला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, हात जोडले, "शिस्तीचा माणूस, मन तृप्त होतं," असं कुणीतरी म्हणालं. मी तिथंच वाळूत बसले आणि मोठ्यानं रडले. मेल्यावरसुद्धा त्यानं पथ्य मोडलं नाही याचं मला कौतुक वाटेना, नुसतं तुटत होतं.

त्यानंतर मी दर आठवड्याला कोल्हापूरला जाते. दोनेक खेपांतच माझ्या लक्षात आलं की वैनी वाळत चालल्यात. आधी वाटलं, दुःख आहे, अन्न जात नसेल. मग दिसलं, की ती छोटी वाटी आता त्यांच्या ताटात असते. दुधी तेवढा, भात तेवढा, आणि सकाळी काहीच नाही. त्यांना शुगर नाही, ना कसला आजार. मी विचारलं तर म्हणाल्या, "मला भूक न्हाई. खातो की नंतर." पण बाळाला घेऊन अजून माहेरीच असलेली भाची म्हणाली की आई सकाळची रोज रंकाळ्यावरसुद्धा जाते आत्या, उपाशीपोटी, बाबा चालायचे तेवढी चालते. तालमीचं ते वाक्य तालमीचं तोंड न बघितलेल्या बाईनं उचललं होतं. वैनी भरून काढत होत्या.

डॉक्टरीण स्वतः घरी आली. ती वैनींचा हात हातात घेऊन बसली आणि तिनं समजावून सांगितलं, की काकू, रविवारच्या जेवणानं काही झालं नाही. त्यांनी सोमवारी खाल्लं असतं तर आज ते इथं असते. तुम्ही वाढलंत ते बरोबरच केलंत. वैनींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "सोमवार झाला कशानं बाई? रविवारानंच की. मी पळी हातात घेतली नसती तर त्यांनी वसुली कशाची केली असती?" डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. मला एवढंच कळतंय, की ज्या जेवणानं चाळीस वर्षांच्या संसारानंतर ती बाई नव्या नवरीसारखी लाजली, तेच तिच्या गळ्यातली धोंड झालंय, आणि ही धोंड तिच्या गळ्यात माझ्या भावानं अडकवलीय. त्याच्यावर माझा जीव होता, तरी या एका गोष्टीसाठी मला त्याचा राग येतो. तो आनंदानं जेवला होता. तो आनंद त्यानं तसाच राहू द्यायला हवा होता.

गेल्या रविवारी मी राहायलाच गेले. वैनींना बाजूला बसवून मी पांढरा रस्सा केला, त्यांच्याइतका जमला नाही. त्यांनी नको नको म्हणत वाटीभर घेतला, दोन घोट प्यायल्या आणि डोळे पुसत उठून गेल्या. मी आग्रह केला नाही. मला रविवारची फिकीर नव्हतीच, मी सोमवारसाठी थांबले होते.

सोमवारी सकाळी उठले तर वैनी चप्पल घालत होत्या. ओट्यावर एक ताटली झाकून ठेवलेली. झाकण काढलं, तर मुगाची दोन धिरडी. भाची मागून हळूच म्हणाली, "रोज करती आत्या. रोज झाकून ठेवती. फिरून आली की गाईला घालती." मी ताटली उचलली, वैनींना हाताला धरून खाली बसवलं आणि ती त्यांच्यासमोर ठेवली.

"खा," म्हटलं.

"ती ह्यांची हायत हो वन्सं."

"माहिताय मला. त्यानं त्या दिवशी खाल्ली असती तर..." मी दाराला पाठ लावून बसले. "खाल्ल्याशिवाय मी दारातून उठणार नाही वैनी."

त्यांनी ताटली जवळ ओढली. चप्पल अजून पायातच होती. मग त्यांनी एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावायचं विसरल्यासारख्या बसल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. दुसरा तुकडा मोडला.

"गार झालीत," त्या म्हणाल्या, आणि खात राहिल्या.